आईबाबांच्या मधल्या दोन रेघा

हे मी अशा मुलांसाठी लिहिते आहे, जी घरात पहिल्यांदा शिकली म्हणून हॉस्पिटलमध्ये डॉक्टर आणि आईवडील यांच्या मध्ये उभी केली जातात. एका बाजूने इंग्रजी येतं, दुसऱ्या बाजूला मराठी द्यायचं. मला लिहायचा सराव नाही. माझं मराठी आईच्या तोंडून आलेलं आणि इंग्रजी शाळेतून, त्यामुळे चुका होतील. शिवाय माझ्या भावाचा आजार अजून संपलेला नाही. आम्ही त्यातून कसे बाहेर पडलो, असं सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही. मी एक चूक केली, ती सांगायची आहे. ती कुणी परत करू नये एवढंच.

आम्ही ओमानमध्ये इब्रीला राहतो. बाबा सनायामध्ये, म्हणजे गॅरेजवाल्यांच्या वस्तीत, गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करतात. आई घरी असते. मी मानसी, इथल्याच एका कॉलेजात पहिल्या वर्षाला आहे. आमच्या दोन्हीकडच्या घरांत कॉलेजला गेलेली मी पहिली. माझा भाऊ सोहम नऊ वर्षांचा. हे सगळं त्याच्याबद्दल आहे.

*

सुरुवात त्याच्या पायांवरच्या निळ्या डागांनी झाली. आई म्हणाली, "खेळताना धडपडलो असतलो." तो फुटबॉल खेळायचा, त्यामुळे कुणालाच वेगळं वाटलं नाही. वर्गात तो सगळ्यांत बुटका होता, पण आमच्याकडे सगळेच बुटके. मग एक दिवस शाळेतून फोन आला, की त्याच्या नाकातून रक्त येतंय आणि थांबत नाही. मी कॉलेजमधून तशीच गेले. तो ऑफिसात खुर्चीवर बसला होता, शर्टाची पुढची बाजू लाल झालेली. मला बघून म्हणाला, "ताई, युनिफॉर्म खराब झाला. आई मारेल."

इब्रीच्या हॉस्पिटलात एक सुदानी डॉक्टर होते. रक्ताचा रिपोर्ट हातात घेऊन त्यांनी दोनदा वाचला आणि मग कुणाला तरी फोन लावला. त्यांचं अरबी मला फार कळलं नाही. 'मस्कत' आणि 'आज' हे दोन शब्द कळले. लाल पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, तिन्ही खूप कमी होत्या. मला म्हणाले, तिकडच्या मुलांच्या रक्ताच्या डॉक्टर आम्ही निघायच्या आधीपासूनच त्याच्यावर विचार करायला लागल्या आहेत. तेव्हा मला ते नुसतं धीर देण्यासाठी बोललेलं वाटलं. नंतर कळलं की ते अक्षरशः खरं होतं. आम्ही पोहोचलो तेव्हा वॉर्डात पलंग तयार होता आणि त्याच्या गटाचं रक्तही.

बाबांच्या अर्बाबने, म्हणजे गॅरेजच्या मालकाने, हॉस्पिटलच्या दारात येऊन बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. "यल्ला, तू जा. गाडीचं काम मी बघतो." बाबा त्याला म्हणाले, त्या पांढऱ्या गाडीचा दुसरा कोट अजून ओला आहे, हात लावू देऊ नका कुणाला. मला तेव्हा राग आला. आता वाटतं, त्यांना ज्यातलं काही कळत होतं अशी तेवढी एकच गोष्ट त्या क्षणी उरली होती.

*

मस्कतच्या त्या वॉर्डात आमच्या डॉक्टर होत्या शमसा. ओमानीच. डोक्याला शेला घट्ट लपेटलेला, पायांत पळायचे बूट. त्या माझ्याशी इंग्रजीत बोलायच्या. इथे मी त्यांचं बोलणं मराठीत लिहिते आहे.

पहिल्याच दिवशी एक लांबलचक फॉर्म भरायचा होता. आई सोहमच्या उशाशी, बाबा खाली औषधांच्या रांगेत. नर्सने फॉर्म माझ्या हातात दिला. मीच भरणार, हे सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं. मीही. खरं तर मला थोडं बरंही वाटलं होतं, की काहीतरी करता येतंय.

तिसऱ्या पानावर एक प्रश्न होता. मुलाचे आईवडील एकमेकांचे रक्ताचे नातेवाईक आहेत का? हो, नाही.

आई बाबांच्या मामाची मुलगी आहे. आमच्या गावाकडे हे इतकं नेहमीचं आहे, की कुणी त्याचा वेगळा उल्लेखही करत नाही. मामाची मुलगी म्हणजे जवळजवळ हक्काचं स्थळ. पण मला बारावीचा जीवशास्त्राचा तास आठवला. बाईंनी फळ्यावर वंशावळ काढली होती. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल, आणि नवराबायको जर नात्यातले असतील तर त्यांच्या मध्ये एका रेघेऐवजी दोन रेघा. मागच्या बाकावरची एक मुलगी मोठ्याने म्हणाली, "ई! कझिनशी कोण लग्न करतं?" सगळा वर्ग हसला. मीही हसले. त्या दिवशी मी ठरवलं होतं, की ही गोष्ट कधीच कुणाला सांगायची नाही.

मी 'नाही'च्या चौकटीत खूण केली.

त्याच्या खालचा प्रश्न होता, घरात कुणी मूल लहानपणी आजाराने गेलं आहे का. आईचा एक भाऊ लहानपणी गेला होता. मला एवढंच माहीत होतं, कारण दर पितृपक्षात आई इब्रीच्या गच्चीच्या कठड्यावर एक जास्तीची वाडी, म्हणजे पितरांसाठीचं पान, ठेवते. कावळा सहसा येत नाही, साळुंकी येऊन खाते. ते कशाने गेले, हे मी कधी विचारलं नव्हतं. विचारायला आई दहा पावलांवर होती. पण मग वरचा प्रश्नही निघाला असता. मी तिथेही 'नाही' लिहिलं. दोन खुणांना मिळून दहा सेकंदसुद्धा लागले नसतील.

*

दोन दिवसांनी सोहमच्या कमरेच्या हाडातून मॅरो, म्हणजे हाडाच्या आतला मगज, काढून तपासला. कॅन्सर असेल असं सगळ्यांच्याच मनात होतं. तो शब्द कुणी उच्चारला नव्हता, पण वॉर्डाच्या पाटीवरच होता. शमसा डॉक्टर आम्हाला छोट्या खोलीत घेऊन गेल्या. तिथे टिशूचा डबा होता. अशा खोल्यांत तो का ठेवतात, ते मला त्या दिवशी कळलं.

"कॅन्सर नाही," त्या म्हणाल्या. मी घाईघाईने ते मराठीत सांगितलं आणि आईने तिथल्या तिथे हात जोडले. डॉक्टर थांबल्या. त्यांचं वाक्य पूर्ण झालं नव्हतं. पुढचं होतं, की मॅरो जवळजवळ रिकामा आहे, रक्त तयारच होत नाहीये, आणि हेही तितकंच गंभीर आहे. आईचे हात तसेच जोडलेले होते. मी म्हणाले, "थोडा वेळ लागेल बरा व्हायला."

बाबांनी विचारलं, "एवढाच म्हणाली ती?"

"हो," मी म्हणाले.

तिथून पुढे मी असंच करत गेले. 'जंतुसंसर्गाने जीवाला धोका' याचं मी 'सर्दी-ताप होऊ द्यायचा नाही' केलं. 'आम्हाला खात्री नाही' याचं 'बघतायत ते' केलं. मी खोटं बोलत नव्हते असं मला वाटायचं. मी फक्त बोचणारे कोपरे घासत होते. पण त्यामुळे सगळं मूळ वजन माझ्या एकटीकडे राहायचं, आणि ते कुठे ठेवायचं ते मला कळायचं नाही. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहायचे.

सोहमला सगळं कळायचं. एकदा मी अडखळत सांगत असताना तो म्हणाला, "ताई म्हणजे ट्रान्सलेशनचं अ‍ॅप आहे. पण बॅटरी लो."

*

वॉर्डात दिवस ठरलेला असायचा. सकाळी रक्त काढायचं. मग आकडे यायची वाट. आकडे कमी आले की पिशवी लावायची. प्लेटलेटची पिशवी पिवळी असते, हे मला आधी माहीत नव्हतं. सोहम तिला 'आमरस' म्हणायचा. दुपारी आई त्याला उकडलेलं, गरम, ताजं एवढंच भरवायची. कच्चं काही नाही, फळंसुद्धा सोलून. कुणीही आत आलं की आधी हात धुवायचे, तोंडाला मास्क.

शेजारच्या पलंगावर एक ओमानी मुलगी होती, थॅलेसेमियाची. तिच्या आईला सगळे उम्म सालिम म्हणायचे. ती इब्राजवळच्या, म्हणजे आमच्या इब्रीहून वेगळ्याच भागातल्या, गावातून यायची, येताना कहवाचा, म्हणजे इथल्या कॉफीचा, थर्मास आणि खजूर आणायची, आणि आईला जबरदस्तीने प्यायला लावायची. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी तासन्‌तास बोलायच्या. एकदा उम्म सालिमने मला मोडक्या इंग्रजीत सांगितलं, की तिचा नवरा तिच्या काकाचा मुलगा आहे, म्हणून मुलीला हे झालं. तिने ते अगदी सहज सांगितलं, आपण कुठल्या गावच्या ते सांगावं तसं. मग आईकडे बोट करून विचारलं, "आणि तुमचं?"

मी म्हणाले, "नाही, नाही."

आईने विचारलं, "काय इचारता ती?"

"गावाचं नाव विचारतेय," मी म्हणाले.

*

शमसा डॉक्टर सोहमचं सगळं एकट्या ठरवत नव्हत्या. दर सोमवारी दुपारी त्यांची मीटिंग असायची. कोपऱ्यातल्या खोलीत मोठा पडदा, आणि त्यावर वेगवेगळ्या गावांतले, देशांतले मुलांच्या कॅन्सरचे आणि रक्ताच्या आजारांचे डॉक्टर. एकेका मुलाची फाइल उघडायची आणि सगळ्यांनी मिळून बोलायचं. दाराच्या काचेतून मला त्या दिसायच्या. कधी पुढे वाकून बोलायच्या, कधी नुसतं डोक्याला हात लावून ऐकायच्या. आमचे इब्रीचे सुदानी डॉक्टरही एकदा एका चौकटीत दिसले. ते तर आता सोहमवर उपचारही करत नव्हते. तरी आले होते.

सोमवारी बाबा इब्रीहून यायचे. आम्ही तिघं बाहेरच्या बाकावर बसायचो. आत कुणीतरी सोहमबद्दल बोलतंय आणि आपल्याला काहीच करता येत नाहीये. बाबा हात मांडीवर पालथे ठेवून बसायचे. नखांत निळा रंग असायचा. कितीही घासला तरी जायचा नाही म्हणून ते सोहमला हात लावायला घाबरायचे.

तिसऱ्या सोमवारी मीटिंगनंतर शमसा डॉक्टरांनी सांगितलं, की मत दोन बाजूंना जातंय. आजार दोन प्रकारचा असू शकतो, नंतर झालेला किंवा जन्मजात. जन्मजात आहे का ते बघायची रक्ताची तपासणी पहिल्याच आठवड्यात केली होती, पण तिचा रिपोर्ट धड 'हो' म्हणत नव्हता, धड 'नाही' म्हणत नव्हता. पुढेमागे ट्रान्सप्लांटची, म्हणजे दुसऱ्याचा मॅरो घालायची, वेळ आली तर म्हणून माझा मॅरो तपासला होता; तो सोहमशी जुळत नव्हता, तेही कळलं होतं. "घरात असं आधी काही झालेलं नाही," त्या फाइल बघत म्हणाल्या, "म्हणून आमच्यातल्या बऱ्याच जणांना वाटतंय, नंतर झालेलाच. आता थांबणं बरोबर नाही. बुधवारपासून औषध सुरू करू."

फाइलमध्ये त्या जिथे बघत होत्या, ते तिसरं पान होतं. मला ते पान उलटंसुद्धा ओळखता येत होतं.

माझ्या दोन खुणांनी एवढ्या सगळ्या डॉक्टरांचं मत कुठे फिरणार आहे, असं मी स्वतःला सांगितलं. तपासण्या असतातच की. त्या रात्री मी नीट झोपले नाही, पण तरीही बोलले नाही.

*

औषध देण्याआधी आईबाबांची सही हवी होती. धोका समजावून सांगायचा होता. माझं भाषांतर ऐकून शमसा डॉक्टरांना कदाचित शंका आली असावी, कारण त्यांच्या तीन वाक्यांचं माझ्याकडून एकच व्हायचं. त्यांनी मुंबईच्या एका डॉक्टरांना मराठीत समजावून सांगायची विनंती केली. सोमवारच्या मीटिंगमध्ये त्या असायच्या. मेधा त्यांचं नाव. मंगळवारी सकाळी त्या कोपऱ्यातल्या खोलीत आम्हा सगळ्यांना बोलावलं. पडद्यावर त्या एकट्याच होत्या, पांढरे केस, हातात चहाचा कप.

"नमस्कार. आवाज येतोय ना?"

बाबा उभेच राहिले.

"अहो बसा, बसा. मी काय इन्स्पेक्शनला आलेली नाही. गाव कुठलं तुमचं?"

"सावंतवाडीकडचा," बाबा म्हणाले.

"अगो बाई! माजां आजोळ मालवण." मालवणी बोलताना त्या मध्येच अडल्या, आणि आई हसली. कितीतरी दिवसांनी मी तिला हसताना बघितलं. "तिकडे मासे मिळतत काय नीट?"

"बांगडो गावता," आई म्हणाली, "पण आपल्याकडचो नाय तो."

"नसतलोच!"

मग त्यांनी समजावून सांगितलं. हाडांच्या आत रक्ताचा कारखाना असतो, तो बंद पडला आहे. बाहेरून कुणी येऊन कामगारांना हाकलून दिलं असेल, तर हे औषध त्या हाकलणाऱ्यांना आवरतं. पण मशिनातच जन्मापासून खोट असेल, तर औषधाचा काही उपयोग नाही. उलट अंगातली उरलीसुरली ताकद जाईल, ताप आला तर आवरणार नाही, आणि हातातले महिने फुकट जातील.

बाबा पुढे सरकले. "म्हणजे नुसता डेंट हा, की चासीच वाकडी, ता बघूचा आसा."

"अगदी बरोबर," मेधा डॉक्टर म्हणाल्या. तीन आठवड्यांत बाबांना पहिल्यांदा त्यांच्या मुलाच्या आजाराबद्दल काही कळलं होतं. आणि ते मी सांगितलेलं नव्हतं.

"सोहम, पुढे ये रे. अंगठे दाखव दोन्ही. कॅमेऱ्यापाशी." त्याने दाखवले. एक अंगठा दुसऱ्यापेक्षा बारीक आहे, हे मी नऊ वर्षांत बघितलंच नव्हतं. "पाठीवर चहाच्या रंगाचे डाग आहेत का? आहेत. हं." त्यांनी कप खाली ठेवला. "मला हे कालपासून खटकतंय, म्हणून परत विचारते. तुमचं दोघांचं लग्न नात्यातलं आहे का?"

"नाही, डॉक्टर," मी मध्येच इंग्रजीत म्हणाले. "फॉर्ममध्ये लिहिलंय."

"मी आईला विचारते आहे," त्या मराठीत म्हणाल्या.

"होय तर," आई म्हणाली. "मी ह्येंच्या मामाचा चेडू. ह्येंची आवस माजी आत्या. लहानपणीच ठरललां."

"आणि माहेरी कोणी लहान असताना गेलं?"

"माजो भाव गेलो. धा वर्सांचो होतो. असोच पांढरो पडललो, आणि नाकातसून रगत." आई एवढं बोलली आणि थांबली. तिने सोहमकडे बघितलं. मला वाटतं, दोन्ही गोष्टी तिने त्या क्षणापर्यंत एकत्र ठेवून बघितल्याच नव्हत्या. तिला कुणी विचारलंच नव्हतं.

शमसा डॉक्टरांना मराठी कळत नाही. त्या माझ्याकडे बघत होत्या. भाषांतरासाठी. मेधा डॉक्टरांना सांगता आलं असतं, पण त्यांनी ते माझ्यावर सोडलं.

मी ते इंग्रजीत सांगितलं. माझी आई माझ्या वडिलांच्या मामाची मुलगी आहे. आईचा भाऊ दहाव्या वर्षी अशाच आजाराने गेला. त्या दिवशी मी पहिल्यांदा एकही शब्द कमी न करता सांगितलं.

शमसा डॉक्टरांनी फाइल उघडली, तिसरं पान काढलं, माझ्या दोन्ही खुणांवर एकेक आडवी रेघ मारली आणि शेजारी सही केली. मग म्हणाल्या, "उद्याचं औषध थांबवा."

*

मी त्यांच्या मागे कॉरिडॉरमध्ये गेले. मला सगळं माहीत होतं, असं त्यांना सांगितलं. फॉर्म भरताना माहीत होतं. कालही माहीत होतं.

"का लिहिलं नाहीस?"

लाज वाटली, एवढंच मी म्हणाले.

त्या भिंतीला टेकल्या. त्या चिडतील असं मला वाटलं होतं. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"माझे आईवडील चुलत भावंडं आहेत," त्या म्हणाल्या. "या देशात आम्ही हा प्रश्न प्रत्येकाला विचारतो, जसं वय विचारतो तसं. पण मी तुला विचारला. एकोणीस वर्षांच्या मुलीला, तिच्या आईबाबांबद्दल. तो मी तुझ्या आईला विचारायला हवा होता, आणि मध्ये तू असायला नको होतीस. ती माझी चूक." मग म्हणाल्या, "तुझीही आहे. ती मी तुझ्यावरून उचलू शकत नाही."

मला हे वाक्य खूप वेळा आठवतं. त्यांनी मला माफ केलं असं म्हणता येणार नाही. पण त्यांनी मला एकटं सोडलं नाही.

आईबाबांना मी त्याच दुपारी बाकावर बसून सांगितलं. आईला आधी कळलंच नाही, की यात लाज वाटण्यासारखं काय आहे. बाबांना कळलं. ते नखांतला रंग खरवडत राहिले. मग म्हणाले, "तू शिकलंस म्हणान तुज्यार सोडललां सगळां."

तेवढंच. त्यानंतर त्यांनी तो विषय कधी काढला नाही.

*

सोहमच्या हाताच्या कातडीचा छोटा तुकडा तपासायला पाठवला. रक्तात जे धूसर दिसतं, ते कातडीत स्पष्ट दिसतं म्हणाले. उत्तर यायला काही आठवडे लागले. त्या आठवड्यांत त्याला दोनदा ताप आला. दुसऱ्या वेळी तो माझा हात धरून होता आणि विचारत होता, "ताई, खरं सांग, डॉक्टर काय म्हणाल्या?" मी खरं सांगितलं. त्यांनी औषध बदललंय आणि वाट बघायची, एवढंच त्या म्हणाल्या होत्या. तो म्हणाला, "ओके." ते ऐकून त्याला काहीच फरक पडला नाही. मलाही. ताप चार दिवसांनी आपला आपण उतरल्यासारखा उतरला.

उत्तर आलं. जन्मजातच. औषधाने बरा होणारा नाही. ट्रान्सप्लांट करावा लागेल, आणि या आजारात त्याआधीची औषधंही खूप हलक्या मात्रेची द्यावी लागतात. शमसा डॉक्टरांनी मेधा डॉक्टरांसोबत बसून ती ठरवायला सुरुवात केली आहे. माझीही तपासणी झाली. मला आजार नाही.

आईने विचारलं, "म्हणजे आमच्यामुळा झाला ह्या?"

हे मला भाषांतर करावं लागलं नाही. आता मराठीसाठी पडद्यावर मेधा डॉक्टर असतात. त्यांनी तिला दोन-तीनदा समजावलं, की कुणी मुद्दाम करत नाही, कुणाला माहीत नसतं. आई मान हलवत राहिली. वॉर्डात परत आल्यावर ती उम्म सालिमच्या शेजारी जाऊन बसली. उम्म सालिमला काही सांगावं लागलं नाही. तिने कहवा ओतला.

एक गोष्ट मला अजून नीट पचत नाही. मेधा डॉक्टर म्हणाल्या, आईबाबा नात्यातले असल्यामुळे सोहमचा मॅरो आणखी कुणाशी तरी, आतेमामे भावंडांपैकी, मावशी-काकांपैकी जुळण्याची शक्यता इतर घरांपेक्षा थोडी जास्त आहे. आईबाबांचीही तपासणी करायची. म्हणजे मी जे लपवलं, त्यातच आजारही होता आणि असलीच तर आशाही. पहिल्या दिवशी 'हो' लिहिलं असतं, तर हा शोध तेव्हाच सुरू झाला असता. किती दिवस गेले ते मला पाठ आहे, पण इथे लिहवत नाही.

गावाकडे निरोप गेला. ज्यांना मी नीट ओळखतही नाही असे आमचे पंधरा-सोळा नातेवाईक एका टेम्पोत बसून नमुने द्यायला गेले. त्यांच्यातल्या माझ्या आत्याने फोनवर सांगितलं, "तिथली नर्स इचारी, तुमी सगळे एकमेकांचे कोण? आमी म्हटला, बाय, तू बस, येळ लागतलो." आई हसली आणि मग रडली.

त्यांचे रिपोर्ट अजून यायचे आहेत.

*

परवा मुंबईच्या हॉस्पिटलचा फॉर्म आला. जुळणारं कुणी मिळालं तर ट्रान्सप्लांट तिकडे व्हायचा आहे. या फॉर्ममध्ये वंशावळच काढायची होती. मी कागद घेऊन सोहमच्या पलंगावर बसले, पण या वेळी आईला शेजारी बसवलं. प्रत्येक प्रश्न तिला मराठीत विचारला, तिने सांगितलं ते लिहिलं, लिहिलेलं परत वाचून दाखवलं. दोन प्रश्न मलाच कळले नाहीत. तिथे मी म्हणाले, "आई, हे मला येत नाही, डॉक्टरांना विचारू." हे वाक्य मला आधी कधी म्हणता आलं नव्हतं.

आजीआजोबा काढले. त्यांच्या खाली आई, बाबा. मध्ये दोन रेघा.

"दोन का?" सोहमने विचारलं.

"नात्यातले असले की दोन."

"म्हणजे डबल टेप," तो म्हणाला. "तुटू नये म्हणून."

आईने तिच्या गोलाशेजारच्या चौकोनावर बोट ठेवलं. "हो कोण?"

"तुझा भाऊ."

"मधी रेघ कित्याक मारलंस?"

"गेलेल्या माणसावर मारतात, आई."

ती थोडा वेळ बोटाने तो चौकोन चाचपत राहिली. "नाव लिव त्येचा," ती म्हणाली. "दिगंबर."

फॉर्ममध्ये नावासाठी जागा नव्हती. मी बाजूला बारीक अक्षरात लिहिलं. त्यांचं नाव मला त्या दिवशी कळलं.

मग खाली मी आणि सोहम. ज्याला आजार आहे त्याचा चौकोन रंगवायचा असतो. फक्त रंगवायचा, वर रेघ मारायची नाही. सोहम मान वाकडी करून बघत होता. "बाहेर जाऊ देऊ नकोस," तो म्हणाला. मी चारही कोपऱ्यांपर्यंत सावकाश रंगवत गेले, आणि तो भरला तसं पेन लगेच उचललं.